स्टुलावरची भाऊबीज

माझ्या मेव्हण्याइतका विजेवर अविश्वास आख्ख्या हैदराबादेत कुणाचा नसेल, आणि पोट मात्र विजेवरच. आमच्या हिचा हा धाकटा भाऊ. जामबागेत त्याचं स्टॅबिलायझर दुरुस्तीचं दुकान. बाहेरच्या कंपन्यांचे टीव्ही आले, त्यांना स्टॅबिलायझर लागत नाही असं लोक म्हणू लागले, तेव्हापासून असला टीव्ही असलेल्या घरी तो चहासुद्धा घेत नाही. माझ्याकडे टीव्हीला एक, फ्रिजला एक, आणि मिक्सरला त्यानं न विचारता बसवलेला एक.

हिला कंपवात झाला, ज्याला पार्किन्सन म्हणतात. दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई नवा प्रयोग करत होत्या. चिरफाड नाही. डोक्याला ओल्या स्पंजच्या दोन पट्ट्या बांधायच्या, बारीकसा करंट सोडायचा, आणि तो चालू असताना हाताला एकच काम पुन्हा पुन्हा शिकवायचं. गुण येईलच असं काही बाई म्हणाल्या नाहीत. पहिल्याच दिवशी मेव्हणा काखेत स्टॅबिलायझर मारून हजर. "अक्काच्या डोक्यात डायरेक्ट करंट? नक्को!"

"हे बॅटरीवर चालतं," बाई म्हणाल्या.

"हौ, पण बॅटरी कुणाची?"

शेवटी त्यांनी तो डबा खुर्चीखाली ठेवू दिला. कशालाच जोडलेला नव्हता.

शिकायला बाईंनी शर्टाची बटणं सुचवली. ही म्हणाली, "बटणं ज्याची त्यानं लावावी. मला भाऊबीजेला ह्याला ओवाळायचंय. मागल्या साली निरांजन ह्याच्या मांडीवर पाडलं मी."

मग महिनाभर हा रोज दुकान बंद करून यायचा आणि डोक्यावर टोपी घालून तिच्यापुढं स्टुलावर बसायचा. पट्ट्या बांधलेली ही, हातात ताट, ताटात न पेटवलेलं निरांजन. "रोज भाऊबीज, आणि करंजी एक नाही," असं कुरकुरायचा. निरांजन पडलं की उचलून ताटात ठेवायचा. "अक्का, पुन्हा." मी म्हटलं, धंदा बुडेल रे. म्हणाला, "दाजी, तो बुडालेलाच आहे."

भाऊबीजेला हिनं पेटतं निरांजन तीनदा फिरवलं. ताट डगमगलं, पण वात टिकली. गुण करंटचा की सरावाचा, ते बाईंना सांगता येईना. मेव्हण्याला आलं. स्टॅबिलायझरचा, म्हणाला.

ही ह्या श्रावणात गेली. भाऊबीजेला हा टोपी घालून दारात. "आता कोण ओवाळणार तुला?" मी विचारलं. हा सरळ पाटावर जाऊन बसला. मग मीच निरांजन लावलं. मला असलं काही येत नाही. ताट हलायला लागलं, निरांजन कलंडलं, तूप सांडलं. त्यानं ते उचललं, वात सरळ केली आणि ताटात ठेवलं.

"दाजी, पुन्हा."