बारकूकाकांचा भारद्वाज

पोट सुटलं, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तेव्हा मला पक्ष्यांचा छंद लागला. गळ्यात दुर्बीण असली की चालणारा माणूस आजारी वाटत नाही, अभ्यासू वाटतो. ती दुर्बीण अडकवूनच त्या हिवाळ्यात मी सुमनबरोबर डोळखांबजवळच्या तिच्या माहेरी गेलो. पडवीत चहा चालला होता. तेवढ्यात समोरच्या बांधावरून, करवंदीच्या जाळीतून खोल, घुमणारा आवाज आला, हूप, हूप, हूप. मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"भारद्वाज," मी म्हणालो. "नर आहे. घरटं जवळच असणार."

मग भारद्वाज खोकला. चांगला विडीचा खोकला. जाळीची फांदी बाजूला सारून, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले बारकूकाका बाहेर आले आणि म्हणाले, "जावई आले काय? च्या घेतला?"

काकी तोंडात पदर कोंबून हसत होती. सुमन हसली नाही. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि वीस माणसांच्या हसण्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

बारकूकाका म्हणजे सुमनचे चुलते. तिचे वडील लवकर गेले, कन्यादान काकांनीच केलं. अंगाने काटकुळे, पण गळ्यात अख्खं रान. होला, तितर, पावशा, भारद्वाज, कुणाचाही आवाज ते काढत. लहानपणी गुरं राखताना शिकले. पूर्वी ती करमणूक होती. पाड्यावरची पोरं त्यांच्याभोवती कोंडाळं करून "काका, मोर! काका, घुबड!" अशी फर्माईश करत. मला हे कळलं तेव्हा मात्र कुणी फर्माईश करत नव्हतं आणि काका थांबत नव्हते. सकाळी होला, दुपारी भारद्वाज, दिवस कलला की तितर. ज्या पाखराची जी वेळ, त्या वेळेला ते बांधावर जाऊन बसत.

"सकाळपासून पाखरू असतो," काकी म्हणायची, "जेवायला तेवढा माझा नवरा होतो."

ही चेष्टा नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी मी दुर्बीण घेऊन शिवार फिरलो आणि मला एकही पक्षी दिसला नाही. आधी वाटलं, दुर्बीण उलटी धरली असेल. माझ्या हातून ते झालेलंही आहे. पण दुर्बीण सरळ होती. भेंडीच्या रांगा हिरव्यागार, तणाचं एक पातं नाही, बांध फवारून पिवळे पडलेले. हवेला औषधाचा गोडसर वास. आणि आवाज? काहीच नाही. मग लांबून होला घुमला, आणि मला बरं वाटायच्या आतच तो खोकला.

"काका, हे कशासाठी?" मी त्यांना विचारलं.

"एकटं पाखरू मुक्या जागी उतरत नाय, जावई," ते म्हणाले. "वरून जाताना त्याला वाटाया पायजे, खाली कोनी तरी हाय. म्हनून बोलत ऱ्हायचं. एक उतरला की बास. मग मी गप."

शिवारात बिनफवारलेला बांध एवढाच उरला होता, करवंदीच्या जाळीचा. त्यावरून काकांचं आणि त्यांच्या मुलाचं, रमेशचं, वाजलं होतं. रमेशला जाळी काढून भेंडी वाढवायची होती. शेवटी बापलेकांत ठरलं, येत्या पावसाळ्यात त्या जाळीत एखाद्या पाखराने घरटं केलं तर जाळी राहील. नाही तर भेंडी लावायच्या आधी रमेश ती फवारून जाळणार.

रमेशला मी चार शब्द सुनवायला गेलो. तो पाठीवरचा पंप उतरवत होता. शांतपणे म्हणाला, "दाजी, पाखरं होती तवा ती अळी खायची. फवारा आला, पाखरं गेली. आता अळी दुप्पट, म्हनून फवारा दुप्पट. यातनं मी कुठं उतरू ते सांगा, तिथं उतरतो." दुपारी त्याच्याच शेतातली भेंडी मी दोनदा मागून खाल्ली होती.

वैशाखात पुन्हा गेलो तेव्हा काका मला टेकडीवर घेऊन गेले. पूर्वी तिथे ऐन, हेद, आंबा, उंबर असं मिसळीचं रान होतं. मग ती टेकडी कुणा बाहेरच्या शेठने घेतली, सगळं तोडलं आणि निलगिरी लावली. सगळी झाडं एका वयाची, एका उंचीची, कवायतीला उभी केल्यासारखी. भर दुपार होती. आत शिरलो तर सावली होती, पण गारवा नव्हता. पायाखाली सुकी पानं करकरत होती. बरंच चालल्यावर माझ्या लक्षात आलं, रानात चालताना तोंडावर कोळ्याचं जाळं येतं तसं एकदाही आलं नव्हतं. मुंग्यांची ओळ नाही, एक माशीसुद्धा नाही. कुठूनही पाहिलं तरी तीच रांग समोर. आपण पुढे चाललोय की तिथंच उभे आहोत, ते कळेना.

काकांनी तोंडाशी हात नेले आणि भारद्वाजाचा आवाज काढला. हूप, हूप, हूप. रांगांमधून तो आवाज सरळ गेला आणि गेलाच. ते कान देऊन उभे राहिले. मीही राहिलो. सांगायला लाज वाटते, पण मला त्यांचा हात धरावासा वाटला.

"एक गंमत सांगू?" काका हलक्या आवाजात म्हणाले. "खरा कुकुडकोंबा, तुमचा भारद्वाज, कसा बोलायचा, ते मी इसरलो. आता माझाच आवाज आठवतो. मी माझीच नक्कल करतो काय कोन जाने."

येताना मी त्यांच्या पुढे चाललो. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.

पावसाळाभर सुमन फोन करायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "काका, आला का कुणी?" पलीकडून उत्तर यायचं, "येल गो. घाई काय?" भाद्रपदात काका गेले. त्याच बांधावर, जाळीला टेकून बसलेले सापडले. जाळीत घरटं नव्हतं.

दहाव्याला ओढ्याकाठी, बांधाच्या खालच्या अंगाला पिंड ठेवला. भात पोटरीत आलं होतं, ओढा भरलेला, आणि तरी बेडूक नाही, किडा नाही, काही नाही. माणसं हात बांधून आभाळाकडे बघत होती. कावळा कुठून येणार? गेली काही वर्षं पाड्यात कुणाचंही दहावं असलं की काकांनाच नेत. ते हाक घालत तेव्हा दूर हमरस्त्यावरच्या ढाब्यांकडून एखादा कावळा यायचा.

"ज्यानं बोलवायचा त्योच आज पानावर बसलाय," काकी म्हणाली.

मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. पाखरांचे जाणकार जावई! नाही म्हणायची सोय नव्हती. मी घसा साफ करून "काव काव" केलं. पडसं झालेल्या बोकडासारखा आवाज निघाला. त्या प्रसंगातही मागे कुणी तरी फिसकन हसलं. बहुतेक काकीच.

इच्छा मागे राहिली असेल म्हणून जो तो वचनं देऊ लागला. काकीला सांभाळू. घर शाकारू. पिंड तसाच. मंडळी दर्भाचा कावळा करायला लागली. तेव्हा इतका वेळ खाली मान घालून बसलेला रमेश उठला. त्याने हात जोडले आणि पिंडाकडे नाही, वर बांधाकडे तोंड करून म्हणाला, "बाबा, जाळीला मी हात लावनार नाय. भेंडी ऱ्हायली तिकडं. घरटं होवो नाय तर न होवो."

आणि करवंदीच्या जाळीतून आवाज आला. हूप, हूप, हूप. खोल, घुमणारा. मध्ये थोडा थांबला, दम घेतल्यासारखा. मग पुन्हा, हूप.

दर्भ भटजींच्या हातात तसाच राहिला. मी खोकल्याची वाट बघत होतो. खोकला आला नाही. जाळीचं पानही हललं नाही. वर जाऊन बघावं असं कुणी सुचवलं नाही आणि कुणी गेलंही नाही. काकी एवढंच म्हणाली, "जेवायची वेळ झाली त्याची." मग भटजींनी घाईघाईने दर्भाचा कावळा पिंडाला टेकवला, आणि सगळे ओढ्यात पाय धुऊन, मागे न बघता घरी आले.

जाळी अजून आहे. रमेश तिच्या बाजूला पंप घेऊन जात नाही. काय आहे आत, ते तो बघतही नाही.

परत येताना गाडी शहापूरच्या रस्त्याला लागली. मग मला राहवेना. मी म्हणालो, "सुमन, तो खरा भारद्वाज होता. मला अगदी खात्री आहे."

तिने खिडकीची काच खाली केली.

"पहिल्या वेळीही तुम्हाला खात्रीच होती," ती म्हणाली.