गाठीला दिलेला ताण

अप्पांच्या, माझ्या वडिलांच्या, पोटातली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा मी पुण्यात संशोधन करत होते. विषय कोणता, तर कॅन्सरच्या पेशींना उपाशी ठेवलं की त्या काय करतात! नशिबाला थट्टा करायला माझंच घर सापडलं.

बदनापूरला उतरून घरी पोचले, तर अप्पांनी जेवण सोडलेलं. आमची मोसंबीची बाग. बहार धरण्याआधी झाडांचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. पानं पिवळी पडून गळतात, झाड मुकाट सोसतं आणि पुन्हा पाणी मिळालं की फुलतं. ताण देण्यात अप्पांचा हात धरणारा कुणी नव्हता. तोच त्यांनी स्वतःला दिला होता.

"कमजोर फांदी आधी वाळती, माय. तशी गाठ वाळंल. तू बिलकुल काळजी करू नको."

गालफडं बसली होती, धोतर कमरेवर ठरत नव्हतं. आई माझ्यावरच उखडली. "एवढी शिकली, मंग सांग की त्याहिला!"

मी त्यांच्या बाजेवर बसले. "अप्पा, पेशीत दोन प्रोटीनं असतात. खायला हाय तवर ती एकमेकाला घट्ट धरून असतात. उपासमार झाली की त्याहिची पकड सुटती. त्यातलं एक मोकळं झालं की पेशी सोताचंच जुनंपानं मोडून खाती आन् तगती. गाठ फांदी न्हाई, अप्पा. ती ताण सोसणारं झाड हाय. वाळून राह्यले ते तुम्ही."

"म्हंजे ताण मलाच बसला?"

"हो."

"आन् जेवलो तर?"

"ताकद येईल. औषध झेपंल."

"आन् गाठीला?"

मी त्यांच्या पायावरची चादर नीट केली.

"पेशीतली ती दोघं सुटूच नयेत, असं काही औषध?"

"शोधून राह्यलेत."

"मला घावंल?"

धडधडीत खोटं बोलायचं ठरवून तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. त्या क्षणी मला माझ्या सगळ्या शिक्षणाचा संताप आला.

अप्पांनी एकदा बागेकडे पाहिलं. मग म्हणाले, "आण मंग भाकर."

मी दुधात भाकर कुस्करून दिली. डोळे मिटून ते एकेक घास कसाबसा गिळू लागले. त्यातला वाटा गाठीलाही जात होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी वाढत राहिले.