निळी म्हैस

माधवनगरच्या एका बंद गिरणीत चित्रकारांनी खोल्या थाटल्या होत्या. वर्षातून एक दिवस त्या सर्वांना खुल्या असत. आमचा एक ओळखीचा चित्रकार दर वर्षी तिथे भेटे. कोणी चित्राला चांगले म्हटले, की ते आणखी सुधारायला घेऊन तो हमखास बिघडवी. यंदाची निळी म्हैस मला फार आवडली आणि मी तसे बोलून बसलो.

"थांबा, पाठीवर बगळा काढतो."

एकाचे दोन झाले. तिसऱ्याला हात घालताच माझ्या बायकोने ब्रश काढून घेतला आणि त्याच्या दोन्ही हातांत चहाचे भरलेले कप दिले.

"आवं वैनी, आता कसं काढू?"

"काढू नका. नुसतं बघा."

तो बघत राहिला. मग चहा हिंदकळेपर्यंत हसला.

"आरं तिच्या! लय झ्याक जमलीय की!"