चिरेखाणीतलं आरमार

चहा ओतून घ्या आधी. गोष्ट बुडवाबुडवीची आहे, कोरड्या घशाने ऐकवणार नाही. आणि आता काय सांगू तुम्हाला, बुडवणारा दुसरातिसरा कोणी नव्हे, तुमच्यासमोर बशी धरून बसलेला हाच गृहस्थ.

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. मी रत्नागिरीत सरकारी कचेरीत कारकून. इंग्रजी पत्रांचे मसुदे माझ्याकडे असायचे, त्यामुळे इंग्रजी आपल्याला येतं असा एक पक्का गैरसमज मी बाळगून होतो. सासरे मात्र तांडेल. मच्छीमारी होडीचा कप्तान म्हणजे तांडेल. चाळीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस, बोलणं मोजकं.

लग्नानंतरच्या पहिल्या नारळी पौर्णिमेला त्यांनी मोठ्या हौसेने मला होडीवर नेलं. होडी बंदराबाहेर पडायच्या आत मी सकाळचे घावणे दर्याला अर्पण केले. नारळ नंतर पडला. तेव्हापासून कोणी विचारलं की सासरे सांगायचे, "जावई सोन्यासारखा हाय. पन कोरड्यावरचा."

ते "कोरड्यावरचा" मला फार लागलं. एकदा, फक्त एकदा, त्यांनी चार तांडेलांसमोर म्हणावं की आमच्या जावयाला होडीतलं कळतं, एवढीच माझी इच्छा होती.

आणि अशात देसाई मास्तर एक परदेशी मासिक घेऊन आले. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे, माझे जुने मित्र. मासिकात काय होतं? मोठी माणसं, टक्कल पडलेली, पोट सुटलेली, साडेतीन-चार फुटी युद्धनौका तयार करून तळ्यात सोडतात. हातातल्या डब्यावरून रेडिओने चालवतात. नौकेवर खऱ्या तोफा, त्यातून छर्रे उडतात. नौकेची कूस, म्हणजे बाजूची भिंत, मुद्दाम पातळ ठेवायची, म्हणजे छर्रा आरपार जाऊन पाणी शिरलं पाहिजे. जो बुडाला तो हरला.

"करायच्या?" मास्तर म्हणाले.

"करायच्या," मी म्हणालो. असं वेड एकट्याला लागत नाही.

मास्तरांचा भाऊ मस्कतला होता. त्याने रेडिओचे दोन संच पाठवले. बाकी सगळं गावचं. कुशीला सावरीच्या लाकडाच्या पातळ फळ्या, मोटारी मोडक्या टेपरेकॉर्डरच्या, तोफांना स्प्रिंगा आणि सायकलच्या दुकानातले छर्रे. माझी नौका "रत्नदुर्ग", मास्तरांची "जयगड". तीन महिने आमच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायको भुसा झाडून झाडून थकली.

रेडिओचे संच लावायचं काम माझ्याकडे आलं. का? तर पुस्तिका इंग्रजीत. प्रत्येक संचात नखाएवढे क्रिस्टल होते, एक जोडी लाल टोपीची, एक पिवळ्या टोपीची. जोडीतला एक हातातल्या डब्यात बसवायचा, एक नौकेत. मी विचार केला, लाल म्हणजे कुंकवाचा रंग, शुभ. दोन्ही नौकांत आणि दोन्ही डब्यांत लालच बसवले. पिवळे जास्तीचे म्हणून कपाटात ठेवले. पुस्तिकेचं पहिलं पान ठळक अक्षरांत होतं. मला वाटलं कंपनी आपलीच थोरवी गात असणार. मी तिसऱ्या पानापासून वाचलं.

वेगवेगळ्या दिवशी, आपापल्या सवडीने आम्ही नौका चालवून पाहिल्या. झकास चालल्या.

दसऱ्यानंतरच्या रविवारी लढाई ठरली. जागा, गावाबाहेरची चिरेखाण. जांभा काढून सोडून दिलेली, पावसाच्या पाण्याने कमरेच्या वर भरलेली. मी सासऱ्यांना मुद्दाम आमंत्रण दिलं. ते आले तर बरोबर तीन तांडेल. माझे कचेरीतले सहकारी आले, मास्तरांची निम्मी शाळा आली. भजीवालाही आला, म्हणजे बघा.

सासऱ्यांनी पिशवीतून नारळ काढला. "नवी होडी गाऱ्हान्याबिगर पान्यात घालत नाय," म्हणाले आणि खाणीच्या काठावर उभं राहून हात जोडले.

"बा देवा महाराजा, आज ह्ये दोगं तुज्या पान्यात होड्या घालतायत. एकाला कमी, एकाला जास्त करू नको रे महाराजा. जे एकाला देशील, तेच दुसऱ्याला दे."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणालो. मोठ्याने म्हणालो.

दोन्ही नौका समोरासमोर तोंड करून पाण्यात सोडल्या. मी अंगठ्याने दांडी पुढे सरकवली. रत्नदुर्ग डौलात निघाली. समोरून जयगडही तशीच निघाली. मी थांबवली. तीही थांबली. मी मागे घेतली, तीही मागे.

"मास्तर, नक्कल करताय होय?" मी ओरडलो.

"अरे मी पुढे घालतोय, ही मागे का जाते?"

"घाबरलात, कबूल करा."

मास्तर बिचारे हातातला डबा खालीवर हलवत होते. त्यांचे सेल आठवडाभर चालवून अर्धमेले झाले होते, माझे सकाळीच नवे घातलेले. पण हे तेव्हा कोणाला ठाऊक? लोक हसायला लागले. मला तर चेवच चढला. मी नौका उजवीकडे गरकन फिरवली, पुन्हा सरळ केली, सासऱ्यांकडे बघून हसलो.

ते हसत नव्हते. ते नौकांकडेही बघत नव्हते. ते माझ्या अंगठ्याकडे बघत होते.

जवळ येऊन हळूच म्हणाले, "जावयबापू, मी काय म्हनतो, ती समोरची होडी तुमच्या बोटावर वळते हां."

आता इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? थांबला असता. मी काय म्हणालो ते सांगायलाही लाज वाटते. चार तांडेलांसमोर मी म्हणालो, "बाबा, हे रेडिओचं काम आहे. तुम्हाला वारा कळतो, लाट कळते. यातलं नाही कळायचं."

ते चार पावलं मागे गेले. सदरा काढून घडी करून चिऱ्यावर ठेवला, धोतर वर खोचलं. मला वाटलं, उकडत असेल.

मी रत्नदुर्ग पुढे नेली. जयगड पुढे आली. मध्ये आठ-दहा हात उरल्यावर मी उजवीकडे वळवून डावी बाजू शत्रूकडे केली, कारण तोफा डाव्या बाजूला. जयगडही वळली आणि तिने आपली डावी बाजू माझ्याकडे केली. काय सुंदर दृश्य होतं म्हणून सांगू. मासिकातल्यासारखं. मी बटण दाबलं.

माझ्या तोफा उडाल्या. त्याच क्षणी तिच्याही उडाल्या.

"मी दाबलं नाही," मास्तर म्हणाले.

मला ऐकू आलं, पण डोक्यात शिरलं नाही. मी पुन्हा दाबलं. पुन्हा दोन्हीकडून छर्रे. मग मी बोट उचललंच नाही. आधी जयगड कलली. मी हात वर केला, विजयाचा. तो वर असतानाच रत्नदुर्गही कलली. एकाला कमी नाही, एकाला जास्त नाही. तीन महिन्यांचं काम बुडबुडे सोडत जोडीने खाली गेलं.

 भजीवालाही झारा धरून उभा.

सासरे मात्र शांतपणे पाण्यात उतरले. छातीपर्यंत पाणी, मग एक बुडी. वर आले तेव्हा एका काखेत रत्नदुर्ग, दुसऱ्या काखेत जयगड. दोन्ही माझ्या पायाशी ठेवल्या आणि नेसत्या धोतराचं पाणी पिळत म्हणाले, "भोकं मोजकी हायत. बुजतील."

घरी येऊन पुस्तिकेचं पहिलं पान काढलं. ठळक अक्षरांत एकच गोष्ट लिहिली होती. एकाच ठिकाणी दोन नौका चालवायच्या असतील तर दोघींचे रंग वेगळे ठेवा, नाहीतर एकाच डब्यावर दोन्ही चालतील. मी पान बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबांनी हे न वाचता सांगितलं होतं ना?"

दुसऱ्या दिवशी जाऊन मी सासऱ्यांची माफी मागितली. मनापासून मागितली, कारण नौकांपेक्षा ते एक वाक्य मला जास्त बोचत होतं. त्यांनी फक्त चहा पुढे केला.

पुढल्या नारळी पौर्णिमेला त्यांनी मला पुन्हा होडीवर बोलावलं. तेच तीन तांडेल होते, आणखी पाचसात होते. सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कधी नव्हे ते खुलून बोलले.

"ह्ये आमचे जावय. एका बोटानं दोन आरमारं बुडवली ह्यांनी. आपली आणि दुश्मनाची."

कोरड्यावरचा हे बिरूद त्या दिवशी सुटलं. आता दरवर्षी मला होडीवर मानाने बोलावतात, बसायला चांगली जागा देतात. अट एकच. होडी परत बंदराला लागेपर्यंत माझे दोन्ही हात मांडीवर, सगळ्यांना दिसतील असे.