दसऱ्याला तुझा बार

आमच्या हसनाबादच्या शेतात ज्वारी निसवली, कणसं बाहेर पडली की रानडुकरं यायची. म्हणून आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, परवान्याची ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंध्या कोंबायच्या, गजानं ठासायचं, तेव्हा कुठं एक बार तयार व्हायचा. निजामाच्या राज्यात घरात बंदूक असणं म्हणजे मोठाच रुबाब! मला ती चालवायची होती. बस्स, दुसरं काही नको होतं. बाहुल्या-बिहुल्यांचा मला पहिल्यापासूनच कंटाळा.

दादा माझ्याहून थोडा मोठा. आबा आम्हा दोघांनाही शिकवणार म्हटल्यावर आई कडाडली, "पोरीला नांदायला धाडायची हाय का फौजेत?" आबा नुसते हसले.

पण बंदूक हाती कसली येते! आबांनी आम्हाला एकेक तुराटी दिली, तुरीची वाळलेली काठी. म्हणाले, हीच तुमची बंदूक. रानात हिंडताना, गुरांना पाणी पाजताना ती हातात पाहिजे, आणि तिचं टोक माणसाकडं किंवा जनावराकडं चुकूनसुद्धा वळता कामा नये. वळलं की आबा ती हिसकून मोडायचे, आणि शिकणं पुन्हा पहिल्यापासून.

"आबा, पण ही तर काठी हाय," दादा कुरकुरायचा.

"हाताला काय कळतंय काठी का बंदूक? त्याला आधी सवय लागू दे, मंग बघू."

दादाच्या किती तुराट्या मोडल्या देव जाणे. माझी मात्र टिकली. अंगातच होतं ते माझ्या, उगाच कशाला लाजू!

तरी पहिला मान दादालाच. दसऱ्याला बंदुकीची पूजा व्हायची, आणि सीमोल्लंघनाला गेलं की आबा नाल्याच्या दरडीत एक बार काढायचे. त्या वर्षी तो दादानं काढला. मी अशी फुरंगटले की आपट्याची पानंसुद्धा कुणाला दिली नाहीत. घरी येताना आबा मला म्हणाले, "पुढच्या दसऱ्याला तुझा बार. बिलकुल तुझाच."

ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक.

दसरा जवळ आला आणि मुलूख बिघडला. आसपासच्या गावांतून लुटालुटीच्या बातम्या येत होत्या, माणसं गाठोडी बांधून बसली होती. तशात हुकूम आला की परवान्याच्या बंदुका तालुक्याला जमा करा.

आबा बंदूक पुसत बसले. मी रडत रडत म्हणाले, "आबा, न्यायच्या आधी एकच बार. आत्ताच, नाल्यात."

दारू घरात होती. द्यावं असं त्यांच्याही मनात आलं होतं, मला दिसत होतं ते. मग त्यांनी पुसायचं फडकं खाली ठेवलं.

"आज गावाजवळ बार वाजला तर लोकं काय समजतील? बायाबापड्या लेकरं उचलून रानात पळतील. न्हाई, बाई. बंदूक हातात घ्यायची तर एवढं समजलं पाहिजे."

मला समजत होतं हो! समजत होतं म्हणून तर जास्त रडू येत होतं. वेशीपर्यंत त्यांनी बंदूक माझ्या खांद्यावर दिली. जड होती. नळी आभाळाकडं धरून मी चालले आणि वेशीत ती त्यांच्या हाती दिली. ते तालुक्याला, भोकरदनच्या वाटेला लागले.

राज्य बदललं. बंदूक परत आली नाही, आबांनी मागितलीही नाही. माझं लग्न झालं, जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीत मी संसार केला. आबांच्या शेवटच्या दुखण्यात मी माहेरी होते. एका दुपारी त्यांचे पाय चेपत बसले होते. डोळे मिटलेले, मला वाटलं झोप लागली. तर म्हणाले, "तुझा बार राह्यला गं, बाई."

"असू द्या, आबा. आता काय त्याचं!"

खोटं बोलले मी. मला तो पाहिजे होता. आज या वयातही पाहिजे, आणि मागं आबा उभे पाहिजेत.