रजा वाढवून मिळणेबाबत

पनवेलच्या तहसील कार्यालयाबाहेर मी गेली पंचवीस वर्षे अर्ज लिहीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तथापि माझ्या भाषेला आजवर एकाही साहेबाने नाव ठेवलेले नाही. अशा माझ्या हातून एकदा ढोबळ चूक घडली. त्या चुकीचा मी आजन्म ऋणी आहे, हे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो.

माझा धाकटा भाऊ सतरा वर्षे फौजेत होता. सीमेवरच्या लढाईत त्याच्याजवळ तोफगोळा फुटला आणि उजवा कान कायमचा गेला. पुढे निवृत्त होऊन तो करंजाड्याला बायको-मुलीपाशी परतला. आता सारे सुरळीत झाले, असे आम्ही धरून चाललो.

परंतु तो आला तो सुट्टीवर आल्यासारखाच. लोखंडी ट्रंक त्याने रिकामी केलीच नाही. लागेल तेवढे काढायचा आणि पुन्हा कुलूप लावायचा. पहाटे चारला उठून चादरीची चौकोनी घडी घालायचा. खाली दुकानात जायचे तरी बायकोला विचारायचा, "जाऊ का?"

यात आमचाही दोष होता. भावजयीने सुट्टीचाच रिवाज चालू ठेवला होता. रोज ताटात पापलेट नाहीतर कोलंबी, अंथरुणावर ठेवणीतली चादर, आणि घरातली एकही अडचण त्याच्या कानावर जाऊ द्यायची नाही. मुलगी बापाशी बोलायचे ते आईमार्फत बोले. दर सुट्टीला भावजयीचा पहिला प्रश्न असे, "किती दिवस हायत?" या वेळी तो विचारता येत नव्हता, म्हणून तीही गप्प होती.

तीन महिन्यांनी एका दुपारी तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. गुजरातेत एका कारखान्यावर पहारेकऱ्याची जागा आहे, राहायला खोली मिळते, अर्ज लिहून हवा, असे त्याने सांगितले. पहाराच करायचा तर इथे जवळ द्रोणागिरीला गोदामे थोडी आहेत का, संध्याकाळी घरी तरी येशील, असे मी त्याला समजावले.

"दादा, माझ्यावाचून घर चालतं. चांगलं चालतं. मी नुसता जेवायला बसतो."

मी कागद पुढे ओढला. लिहिताना माझे चित्त सहसा ढळत नाही. त्या दिवशी ढळले. पूर्वी प्रत्येक सुट्टी संपत आली की तो याच टेबलाशी येई. मी मराठीत अर्ज लिहून देई आणि तो त्याचे हिंदी करून पलटणीला पाठवी. हाताला तेच वळण पडले होते. चार ओळी झाल्यावर त्याने वाकून वाचले.

"विषय : रजा वाढवून मिळणेबाबत."

तीन महिन्यांत तो प्रथमच हसला. मी ओशाळून कागद फाडायला गेलो, तर त्याने माझा हात धरला.

"हा कोणाला द्यायचा?"

"तुझ्या बायकोला," मी चिडून म्हणालो.

त्याने कागदाची घडी केली आणि तो निघून गेला. पुढची हकीकत मला भावजयीनेच सांगितली. त्याने कागद तिच्यासमोर ठेवला. ती दहावी झालेली आहे, म्हणजे माझ्यापेक्षा तीन इयत्ता पुढे. हे मी कधी लपवलेले नाही. तिने तो दोनदा वाचला, मुलीच्या दप्तरातले पेन घेतले आणि खाली लिहिले : "रजा नामंजूर. ताबडतोब रुजू व्हावे."

मग तोंडी हुकूम दिला. "ग्यास संपलाय, तो आना. उद्या पोरीच्या शालेत पालकांची सभा हाय, तुमी जायचं. आनि पापलेट आता रविवारीच."

दुसऱ्या दिवशी तो सभेला गेला आणि चांगला कान बाईंकडे करून पहिल्या बाकावर बसला. ट्रंकेत आता जादा गोधड्या असतात. तो द्रोणागिरीच्या एका गोदामावर कामाला जातो. फटाके वाजले की अजूनही जिन्यात जाऊन उभा राहतो. तेव्हा त्याला कोणी काही विचारत नाही, भावजय फक्त दार उघडे ठेवते.

नमुना म्हणून जवळ असावा, यासाठी मी तो कागद तिच्याकडे मागितला. तिने दिला नाही; तो रेशनकार्डाच्या पिशवीत असतो. मी लिहिलेला अर्ज नामंजूर झाला आणि मला त्याचा आनंद झाला, असे एवढ्या वर्षांत तेवढे एकदाच घडले.