दमणीत हरवलेला अंतरा

आमच्या आईबाबांचं एका भजनावरून लग्नाच्या दिवसापासून भांडण चालू होतं. ते मिटवायचं मी मनावर घेतलं. म्हणजे काय केलं, तर एक महागडी वस्तू विकत आणली. त्या काळात मला कुठल्याही अडचणीवर हाच एक उपाय सुचायचा.

भजन एका जुन्या गायिकेचं. आईला आंजीहून, माहेरून, आंदणात चावीचा ग्रामोफोन मिळाला आणि त्याच्यासोबत चार-दोन तबकड्या. त्यातली ही तिची लाडकी. लग्न लावून नवरी सेलूला आली ती दमणीत. दमणी म्हणजे माणसं बसवायची बैलगाडी, वर छत, खाली गादी आणि गादीखाली रस्त्यातला एकेक दगड. आईचं म्हणणं असं, की आंजीला ते भजन शेवटपर्यंत वाजत होतं. सेलूला उतरल्यावर लावलं, तर शेवटच्या अंतऱ्याला सुई घसरली आणि थेट मधल्या गोल कागदावर जाऊन खरखरली.

"तुमच्या दमणीनं खाल्ला माहा अंतरा," आई म्हणायची.

"दमणी पक्क्या सडकेनं आलती," बाबा म्हणायचे. "तुह्या बापानंच तबकडी तशी देली असन."

मग दोन दिवस भाजीत मीठ जास्त पडायचं.

आईला त्या अंतऱ्याची चाल आठवायची, शब्द मात्र गेले होते. पोळ्या लाटताना गुणगुणत ती तिथवर यायची आणि पुढे नुसतं "हं हं हं" करायची. तबकडी लावली, की शेवटच्या अंतऱ्याच्या जरा आधी उठून स्वतः सुई उचलायची. कितीही पाहुणे असोत, हातात कणीक असो, तेवढ्यासाठी ती उठणार म्हणजे उठणार.

ऐंशीनंतर मला वर्ध्याला नोकरी लागली आणि पहिल्या बोनसमध्ये मी दोन स्पीकरचा रेकॉर्ड प्लेअर घरी आणला. सोबत एक इंग्रजी मासिकही लावलं. त्यातलं मला अर्धंच कळायचं, पण बोलायचो मी पूर्ण. "खर्ज बघा कसा खोलीभर पसरतो," असं मी पाहुण्यांना सांगायचो. पाहुणे खोलीभर बघायचे.

अशातच वर्ध्याच्या दुकानात त्या गायिकेच्या जुन्या गाण्यांची नवी आवृत्ती आल्याचं कळलं. मूळ ध्वनिमुद्रणावरून नव्यानं काढलेली, जाड तबकडी, चकचकीत पाकीट, वर प्लास्टिकचं सीलबंद आवरण. आईचं भजन त्यात पहिल्या बाजूला सगळ्यात शेवटी होतं. किंमत अशी, की त्यात घरचं वर्षाचं तिखट-हळद भरून निघालं असतं. मी आईला म्हटलं, "तुझा अंतरा आणतो." संध्याकाळी मला न मागता दुसऱ्यांदा चहा मिळाला.

बाबा म्हणाले, "एवढ्या किमतीचा माल न पारखता घेशीन का? मी येतो."

बाबांची उमेदीची वर्षं कापूस पारखण्यात गेली होती. एका व्यापाऱ्याकडे ते होते. गाडी आली, की वरचा कापूस बघायचा नाही, पार तळात हात घालून मूठभर नमुना काढायचा, चिमटीत धरून तंतू ओढायचा, वास घ्यायचा आणि म्हणायचं, पास. पुढे कापसाची खरेदी सरकारकडे गेली, बाबांचं काम गेलं, बोटं तेवढी तशीच राहिली. मग ते घरात येणारं सगळंच पारखायचे. वांगी, तूरडाळ, बहिणीला बघायला आलेली मुलं.

दुकानदार मोठा गोड माणूस. त्यानं वरची सीलबंद रेकॉर्ड पुढे केली. "घ्या काकाजी, एकदम टंच माल."

"वरचा नाई," बाबा म्हणाले. "खालचा काढा."

गठ्ठ्यातली सगळ्यात खालची निघाली. बाबांनी तिचं प्लास्टिक फाडायला लावलं. तबकडी डोळ्यांसमोर आडवी धरून वाकली आहे का पाहिलं, नखानं कडा तपासली, वास घेतला. रेकॉर्डचा वास कोणी घेताना दुकानदार पहिल्यांदाच बघत असावा. मीही मासिकात वाचल्याप्रमाणे ती दिव्याखाली धरून "हं" म्हटलं. मग वाजवून पाहिली. आवाज असा स्वच्छ, की दुकानातलं दुसरं गिऱ्हाईकही थांबलं.

"पास," बाबा म्हणाले. आणि वरची सीलबंद रेकॉर्ड उचलून काखेत मारली.

मी म्हटलं, "बाबा, ही वाजवलेलीच घेऊ ना."

"नमुना कोणी घरी नेते का?" बाबा माझ्यावरच खेकसले. "नमुना पाह्यासाठी असते. तळचा माल चांगला, म्हणजे पूर्ण गाडी चांगली."

मला ते पटलं. आज विचार करतो तेव्हा वाटतं, का पटलं? पण पटलं. इंग्रजी मासिक वाचणारा मी आणि कापूस ओढणारे बाबा, दोघं सारख्याच ऐटीत एसटीत बसलो.

घरी आई नवं पातळ नेसून बसली होती. शेजारच्या दोन काकू आल्या होत्या. मी ब्रशनं रेकॉर्ड पुसली, सुई ठेवली. पहिलं गाणं बरं गेलं. दुसऱ्याला मला शंका यायला लागली. सुई जसजशी आत जात होती, तसतसा गायिकेचा लांबवलेला सूर वर-खाली व्हायला लागला. सुईचा दांडा डावीकडे-उजवीकडे डोलत होता. आईचं भजन लागेपर्यंत तर बाई अशी गात होती, की काकूंनी एकमेकींकडे पाहिलं. शेवटचा अंतरा आला. शब्द सगळे डुचमळत होते, एकही धड हाती लागेना.

आई शांतपणे म्हणाली, "ह्या बाईले दमणीत बसवून गाववलं का?"

काकू पदरात तोंड लपवून हसल्या. बाबांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं ज्या आरोपातून सुटायचं होतं, तोच आरोप त्यांनी विकत घेऊन काखेतून घरी आणला होता.

मी कंपासपेटी काढली, मोजमाप केलं आणि जाहीर केलं, "भोक मधोमध नाही. बाजूला सरकलंय."

"एवढ्या पैशात भोक मधात पाडता येत नाई?" बाबा म्हणाले. "तुही आई पोळ्याच्या सणाले भोकाचे वडे करते. एकाचं तरी भोक बाजूले जाते का?"

"बदलून आणू."

"नाई." बाबा ताठ झाले. "म्या पास केला. पास केलेला माल परत करत नसतेत. गाडी रिकामी झाल्यावर कोणी म्हणलं ओला होता, तं आपण ऐकत होतो का?"

झालं. आमच्याच घराच्या कायद्यात आम्ही अडकलो. आठवडाभर ती रेकॉर्ड कपाटावर होती आणि आई पोळ्या लाटताना गुणगुणतही नव्हती. "हं हं हं" सुद्धा बंद झालं, ते मला जास्त लागलं. बाबांनाही लागलं असावं, कारण ते विनाकारण तूरडाळ निवडत बसले होते.

रविवारी सकाळी आईनं पिशवीत ती रेकॉर्ड घातली आणि मला म्हणाली, "चाल रे, बापू. ह्यायनं पास केली, म्या नाई केली."

बाबा म्हणाले, मी येणार नाही. एसटीत आमच्या मागच्या बाकावर बसून म्हणाले.

दुकानात ते शिरले नाहीत. समोरच्या पानठेल्यापाशी, ओळख नसल्यासारखे उभे राहिले. दुकानदारानं आईला खुर्ची दिली. "काकीजी, काकाजींनी तर खुद्द पारखून नेली."

"ते जाऊ द्या. ह्यायनं वास घेतला तो नमुना आहे का?"

होता. सील फोडलेली रेकॉर्ड कोण घेणार? आई म्हणाली, "लावा. शेवटचं गाणं."

त्यानं लावलं. दांडा जागचा हलत नव्हता. आई पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. शेवटचा अंतरा आला आणि एकेक शब्द स्पष्ट, हातात ठेवल्यासारखा आला. आईचे ओठ हलत होते. मी दाराकडे पाहिलं, तर बाबा पानठेला सोडून पायरीवर आले होते, चपला हातात. देवळात आल्यासारख्या कधी काढल्या, त्यांचं त्यांनाच माहीत.

गाणं संपलं. बाबांनी दारातूनच विचारलं, "काय वं, भेटला का?"

आईनं डोळे पुसले. "भेटला," ती म्हणाली. "पण आंजीले याच्याहून लांब होता."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो मीच आखूड केला होता.

आईनं ते गाणं आणखी दोनदा लावायला लावलं. शेवटी दुकानदारच म्हणाला, "काकाजी, इतकी वाजली, आता नवी म्हणून कोणाला विकू? हीच घेऊन जा, ती राहू द्या." बाबांनी जरा विचार केला. परत करणं नव्हतं हे, अदलाबदल होती. कायदा शाबूत राहिला. मग त्यांनी सवयीनं रेकॉर्डचा वास घेतला.

घरी येऊन मी ती लावली. आई चटईवर बसली, बाबा झोपाळ्यावर. मी आवाजाबद्दल काही बोलणार होतो, पण कोणी ऐकायला तयार नव्हतं. भजन सुरू झालं. शेवटच्या अंतऱ्याच्या जरा आधी आई उठली, प्लेअरपाशी गेली आणि सुईच्या दांड्याखाली बोट धरून उभी राहिली.

अंतरा वाजत होता. सुई जागची हलली नाही.

"अवं बस नं आता," बाबा म्हणाले. "नाई घसरत. माही गॅरंटी."

आईनं बोट काढलं नाही. "तुमची गॅरंटी," ती म्हणाली, "दमणीलेही होती."